गिअर जड का पडतो?

मोटारगाडीचा गिअर जड झाला, सहज पडेनासा झाला, की गाडीवाला पहिले काही दिवस जरा जोर लावून पाहतो. मग गाडीच्या वयाला दोष देतो. शेवटी एके सकाळी गॅरेजात गाडी उभी करतो आणि सांगतो, "गिअर पडत नाही हो, जरा बघा." एवढ्या बोलण्यावरून फिटरने दुखणे ओळखावे अशी त्याची अपेक्षा असते. वैद्याकडे जाऊन "बरं वाटत नाही" इतकेच सांगणाऱ्या रोग्यासारखे हे झाले. वैद्य निदान नाडी पाहतो आणि चार प्रश्न विचारतो. फिटरच्या दारात सात गाड्या उभ्या असतात. त्याला तेवढी सवड असतेच असे नाही.

वाचकहो, हा विषय केवळ हौशी मोटारवाल्यांचा नाही. मुरबाड-शहापूरकडचा एखादा शेतकरी जुना पिकअप टेम्पो घेतो आणि पहाटे भाजी भरून कल्याणच्या बाजारात आणतो. त्याचा टेम्पो आठवडाभर गॅरेजात पडला, तर आठवड्याची कमाई बुडते. गिअर बॉक्स उतरवून उघडला आणि आत काहीच बिघाड निघाला नाही, तरी मजुरी द्यावीच लागते. पैशाचे हे झाले. दुसरी गोष्ट जिवाची आहे. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात उतरताना खालचा गिअर ऐनवेळी पडला नाही, तर गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. म्हणून हे दुखणे कोठे आहे, हे आपल्यापुरते आपण पाच-दहा मिनिटांत कसे ताडावे, ते आज पाहू. त्यासाठी हत्यारे लागत नाहीत. एक मोठा दगड आणि थोडा धीर असला की पुरे.

आधी आत काय चालते ते समजून घ्यायचं. जाते आपण सर्वांनी पाहिले आहे. वरची तळी फिरते, खालची स्थिर असते. समजा, खालची तळी जमिनीत पक्की न बसवता सैल ठेवली, तर वरच्या तळीच्या दाबाने तीही बरोबर फिरू लागेल. आणि वरची तळी किंचित उचलली की खालची थांबेल. क्लचचे काम नेमके असेच आहे. इंजिनाबरोबर एक जड चाक फिरत असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला टेकून असते क्लच प्लेट. तिला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते, आणि त्या दाबामुळे इंजिनाचे फिरणे गिअर बॉक्सकडे जाते. आपण पायाने क्लच दाबला की प्रेशर प्लेट मागे सरते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा व गिअर बॉक्सचा संबंध तुटतो.

ही प्रेशर प्लेट किती मागे सरते, ठाऊक आहे? पायाखालचे पेडल साधारण तेरा-चौदा सेंटीमीटर खाली जाते, तेव्हा आत ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरते. म्हणजे पेडलाच्या वाटेत दोन बोटांची अडचण आली, तरी आतला संबंध पुरता तुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता गिअर बॉक्स. त्यात वेगवेगळ्या आकारांची दातेरी चाके वेगवेगळ्या वेगांनी फिरत असतात. गिअर बदलायचा म्हणजे एका फिरत्या भागाला दुसऱ्या वेगाने फिरणाऱ्या भागात अडकवायचे. डोंबिवलीच्या फलाटावर चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस काय करतो? आधी चार पावले गाडीच्या वेगाने पळतो आणि मग दांडा धरतो. (तसे कोणी करू नये, हे सांगायला नकोच.) दोन वेग जुळल्यावाचून पकड घेता येत नाही. गिअर बॉक्समध्ये ही चार पावले पळण्याचे काम एक लहानशी पितळी कडी करते. तिला सिंक्रोनायझर किंवा नुसते सिंक्रो म्हणतात. ती आधी घासते, दोहोंचे वेग सारखे करते, आणि मग दाते एकमेकांत जातात. अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही सोय प्रथम आली. त्यापूर्वी चालकाला दोनदा क्लच दाबून, मधे इंजिनाला रेस देऊन, वेग कानाने जुळवावे लागत.

राहिला तिसरा भाग: आपल्या हातातला दांडा आणि गिअर बॉक्स यांना जोडणाऱ्या सळया किंवा केबल. ठाण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांनी जुनी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, चालवली असेल त्यांना याबद्दल वेगळे सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या त्या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. तेथून गिअर बॉक्सपर्यंत सळया आणि सांधे यांची लांबच लांब साखळी होती. सांध्यातील बुश झिजले की दांडा सैल हले आणि गिअर मात्र भलतीकडेच अडके. बॉनेट उघडून अडकलेली सळई हाताने सोडवणारे टॅक्सीवाले पुष्कळांनी पाहिले असतील. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आपल्या कल्याणजवळ १९९०नंतरच्या दशकात प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो कंपनी यांच्या भागीदारीतून प्यूजो ३०९ ही गाडी बनत असे. तिचा दांडा खाली, दोन आसनांच्या मधे होता. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत दांडा तेथेच असतो आणि सळयांऐवजी दोन केबल असतात. साखळी आखूड व सुटसुटीत झाली खरी, पण बुश झिजायचे आणि केबल गंजायची थांबलेली नाही.

तेव्हा दुखण्याची घरे तीन: क्लच, दांड्याची जोडणी आणि गिअर बॉक्स. गंमत अशी की तिन्ही घरांतले दुखणे हाताला सारखेच लागते. क्लच पुरता सुटला नाही, तर इंजिन गिअर बॉक्सला फिरवीतच राहते. मग बिचाऱ्या पितळी कडीला साऱ्या इंजिनाशी झुंजावे लागते, आणि आपण म्हणतो, "गिअर बॉक्स गेला!" फसगत होते ती येथेच.

आपल्या न्यायशास्त्रात कारण शोधण्याची एक जुनी रीत आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एक गोष्ट असताना दुसरी असते का, आणि ती नसताना दुसरीही नाहीशी होते का, हे पाहायचे. बाकी सारे जसेच्या तसे ठेवून एकच गोष्ट बदलायची. आपल्याला येथे बदलायची आहे ती गोष्ट म्हणजे इंजिनाचे फिरणे.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा आणि चाकाला पुढून-मागून दगड लावा. गाडीच्या पुढे-मागे कोणी, विशेषतः मूल, उभे नाही ना, ते पाहा. आता इंजिन बंद असताना क्लच पूर्ण दाबा आणि पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत एकेक गिअर टाकून पाहा. एखादा गिअर अडला तर घाई करू नका. उभ्या गाडीत कधी कधी दात्यावर दाता येतो. न्यूट्रल करून क्लच एकदा सोडा, पुन्हा दाबा आणि पुन्हा टाकून पाहा. यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू करा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि तेच गिअर क्लच पूर्ण दाबून टाका.

इंजिन बंद असताना सारे गिअर लोण्यासारखे पडले आणि चालू असताना जड झाले, तर संशय क्लचवर. दोन्ही वेळा सारखेच जड पडले, तर क्लचला तूर्त बाजूला ठेवा आणि दांड्याच्या जोडणीकडे वळा. उभ्या गाडीत दोन्ही वेळा ठीक पडले, पण चालत्या गाडीत एखादाच गिअर अडतो किंवा खर्रकन घासतो, तर गिअर बॉक्सकडे पाहा. निम्मे निदान एवढ्यात झाले!

संशय क्लचवर आला, तरी लगेच क्लच प्लेट बदलायला धावू नका. प्रथम खाली वाका आणि पायाखालची चटई पाहा. जाड रबरी चटई पुढे सरकून पेडलाखाली आली असेल, तर पेडल तळापर्यंत जात नाही. दीड-दोन मिलिमीटरचा हिशेब आठवतो ना? पुष्कळ वेळा एवढ्यावरच काम भागते. मग पेडल हाताने हळूच दाबून पाहा. केबलच्या क्लचात पेडल वरवर थोडे सैल असते. या सैलपणाला फ्री प्ले म्हणतात. तो किती असावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो फार वाढला, तर दाबण्याचा बराचसा भाग फुकट जातो. केबल आवळून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल, तर पेडल भराभर तीन-चारदा दाबा आणि लगेच गिअर टाका. असे केल्याने गिअर सहज पडला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा कोठे तरी गळती आहे. आता नीट ऐका, कारण ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पुष्कळ गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला तेल एकाच डबीतून मिळते. डबीतले तेल उतरले, तर आज क्लच तक्रार करीत आहे, उद्या ब्रेकची पाळी येऊ शकते. नुसते वरून तेल ओतून गळती लपवू नका. ती शोधा, दुरुस्त करा आणि मगच गाडी बाहेर काढा. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर विशेषच. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, किंवा पुस्तिका सांगेल त्याप्रमाणे.

क्लच सुटतो की नाही याची आणखी एक खूण रिव्हर्स गिअर देतो. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला पितळी कडी नसते. गाडी थांबल्याबरोबर रिव्हर्स टाकला आणि आवाज झाला, तर त्यात नवल नाही. पण क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबल्यावरही तो खर्र करीत असेल, तर क्लच नीट सुटत नाही असे समजावे. तसेच पहिला गिअर टाकून, क्लच तळाला दाबून धरला असताना गाडी पुढे ओढ घेत असेल, तरीही तेच. मात्र रेस न देता इंजिन नेहमीपेक्षा जोरात फिरत असेल, तर क्लच चांगला असूनही गिअर अडतात. तेव्हा त्याकडेही लक्ष असू द्या.

आता दांड्याच्या जोडणीकडे वळू. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये दांडा डावीकडे-उजवीकडे हलवा. तो आखडत हलला किंवा मधेच अडखळला, तर केबल गंजलेली असावी. अतिशय ढिला, चमच्याने दूध ढवळावे तसा हलला, तर बुश झिजलेले असावेत. खात्री फिटर करून देतो: केबलचे टोक गिअर बॉक्सपासून सोडवायचे आणि तेथली पट्टी हाताने हलवून पाहायची. ती सहज हलली, तर बॉक्स निर्दोष आणि केबल दोषी. लहानसा बुश झिजला म्हणून सबंध बॉक्स उघडणे म्हणजे दाराची कडी गंजली म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे.

क्लच आणि जोडणी दोन्ही ठीक निघाली, तर मग गिअर बॉक्स. एकच गिअर, समजा दुसरा, नेहमी घासून पडत असेल, तर त्या गिअरची पितळी कडी झिजली असण्याचा संभव आहे. जुन्या चालकांची दोनदा क्लच दाबण्याची युक्ती जमत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर करून पाहा. त्या युक्तीने गिअर सुखाने पडला, तर कडीवरचा संशय पक्का होतो. याउलट सकाळी पहिल्या मैल-दीड मैलात सारेच गिअर जड आणि मग आपोआप हलके होत असतील, तर तेलाकडे पाहा: ते कमी आहे का, जुने झाले आहे का, की चुकीच्या जातीचे भरले आहे? तेलाचीही जात असते बरं का! ज्या बॉक्सला जीएल-४ प्रतीचे तेल सांगितले आहे, त्यात "जरा भारी" म्हणून जीएल-५ भरू नये. ते पितळी कडीला मानवेलच असे नाही, आणि कडीला हवे असलेले घर्षणही ते कमी करते.

आपल्या भागात पावसाचाही विचार केलाच पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरले, ते कोण विसरेल? गाडी पाण्यात उभी राहिली, तर गिअर बॉक्सच्या हवा जाण्याच्या लहान भोकातून पाणी आत जाऊ शकते. असे तेल चहात दूध घातल्यासारखे गढूळ दिसते. गाडी चालते आहे म्हणून तसेच दिवस काढू नका; ते बदलून घ्या, नाहीतर आतले बेअरिंग गंजतात. आणि गाडी पावसाळाभर नुसती उभी राहिली, तर क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसते. अशा वेळी पेडल नेहमीसारखे दबते, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. ती गावठी झटके देऊन सोडवण्यापेक्षा जाणत्याच्या हातून सोडवलेली बरी.

या दुखण्यांपैकी निम्मी आपण आपल्याच सवयींनी ओढवून घेतो. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर गाड्यांची रांग लागली की पावला-पावलाला क्लच दाबावा लागतो. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ साली पाडला आणि नवा जानेवारी २०२१मध्ये खुला झाला. मधल्या काळात त्या बाजूने ये-जा करणाऱ्यांचे डावे पाय किती दुखले असतील, हे ज्याचे त्यालाच ठाऊक! अशा रांगेत गाडी थांबली की न्यूट्रल करून पाय पेडलावरून काढावा. अर्धवट दाबलेला क्लच सतत घासतो, तापतो आणि लवकर संपतो. तसेच डावा हात विश्रांतीसाठी गिअरच्या दांड्यावर ठेवू नये. त्या हाताचा भार आतल्या फोर्कवर पडतो आणि तो विनाकारण झिजतो.

घाटाविषयी दोन शब्द. गिअर जड पडत असलेली गाडी घेऊन घाट उतरायला निघू नये. निघालातच, तर उतार सुरू होण्यापूर्वी, गाडी हळू असतानाच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात तो उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे. गिअर पडत नाही म्हणून न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणे हा तर आत्मघात आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल दगडासारखे होते आणि स्टिअरिंगही जड होते. ब्रेक काम करीत आहेत तोवरच गाडी कडेला घेऊन उभी करावी आणि चाकांना दगड लावावेत.

मग गॅरेजात जाल तेव्हा "गिअर पडत नाही" एवढेच न सांगता एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: इंजिन बंद असताना पडतो की नाही, सगळे गिअर अडतात की एकच, थंड गाडीत अडतो की तापल्यावर, आणि पेडल भराभर दाबल्याने फरक पडतो का. चांगल्या फिटरला अशी चिठ्ठी आवडते. त्याचा वेळ वाचतो. क्लच खरोखरच बदलायचा ठरला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलून घ्यावीत, कारण खरी मजुरी गिअर बॉक्स उतरवण्याची असते. ती वर्षभरात दोनदा कशाला द्या? आणि काढलेले जुने भाग पाहायला मागा. त्यात संकोच कसला?

शिक्षकबंधूंना एक विनंती. विज्ञानाच्या तासाला घर्षण शिकवताना गावातला एखादा टेम्पो शाळेच्या आवारात उभा करावा. चालक टेम्पोत बसलेला असावा, चाकांना दगड लावलेले असावेत आणि मुले गाडीच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर असावीत. चालकाने इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून गिअर टाकावेत, आणि काय फरक पडला तो मुलांनी वहीत दोन रकान्यांत लिहावा. एक गोष्ट बदलून बाकीच्या जशाच्या तशा ठेवायच्या, ही शोधाची रीत त्यांना त्या एका तासात समजेल. पुढे विहिरीवरचा पंप बंद पडला, विजेचा दिवा लागेनासा झाला, तर तीच मुले आधी काय बदलून पाहायचे याचा विचार करू लागतील. आणि त्या टेम्पोचा गिअर जड पडत असेल, तर त्याच्या मालकाला दुसऱ्या दिवशी गॅरेजात काय सांगायचे तेही आयतेच लिहून मिळेल.